यंत्रभाषांच्या खोऱ्यांत

सॅन फ्रान्सिस्को शहराहून आगगाडीनें दक्षिणेकडे निघालें म्हणजे डाव्या हातास खाडी व उजव्या हातास डोंगर यांच्यामध्यें एक सपाट, कोरड्या हवेची व स्वच्छ उन्हाची पट्टी लागते. भूगोलांत हिचें नांव सांताक्लारा खोरें. परंतु १९७१ सालीं एका व्यापारी साप्ताहिकाच्या लेखमालेंत ‘सिलिकॉन व्हॅली’ हें नांव छापून आलें, आणि तेव्हांपासून सारें जग तिला त्याच नांवानें ओळखतें. तत्पूर्वीं हें खोरें फळबागांचें होतें. जर्दाळू, आलुबुखार आणि चेरी यांच्या बागा मैलोगणती पसरलेल्या असत, व वसंत ऋतूंत खोऱ्यावर फुलांची पांढरी चादर पडे. पुढें त्या बागा तोडून तेथें कचेऱ्या उभ्या राहिल्या. सनीव्हेल गांवच्या नगरपालिकेनें पूर्वस्थितीची आठवण म्हणून जर्दाळूंची सुमारें दहा एकरांची एक बाग तेवढी राखली आहे. जुनें उपटावें आणि त्या जागीं नवें लावावें, हा या भूमीचा जणूं स्वभावच आहे. आणि पुढें जें सांगावयाचें आहे त्याचें बीज या स्वभावांतच आहे.

पुण्या-मुंबईकडील सुशिक्षित कुटुंबांची या खोऱ्याशीं आतां सोयरीकच जुळली आहे. ज्या घरचें एकहि मूल तिकडे नाहीं असें घर आमच्या ओळखींत शोधूनच काढावें लागेल. तेथें गणेशोत्सव होतो, मुलांसाठीं मराठी शाळा चालतात, आणि दुकानांत भाजणीहि मिळते. आमचा एक भाचा पंचवीस वर्षांहून अधिक काळ तेथें राहत आहे. त्याच्या आग्रहावरून गेल्या वर्षीं आम्ही उभयतां दोन महिने त्याच्याकडे राहून आलों.

निघतांना आमच्या वहिनींनीं एक काम सांगितलें होतें. त्यांचा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत आहे. त्या म्हणाल्या, “भावजी, तिकडे जाणत्या माणसांस एवढें विचारून या कीं, आमच्या मुलानें कोणती भाषा शिकावी? इथले शिकवणीवर्ग दर वर्षीं नव्या भाषेची जाहिरात करतात, आणि हीच आतां कायमची असें दर वर्षीं सांगतात. फी भरतां भरतां आम्ही थकलों.” हा प्रश्न एकट्या वहिनींचा नाहीं, तो आज घरोघर आहे. म्हणून तिकडील पूल आणि समुद्रकिनारे यांचीं वर्णनें इतरांवर सोंपवून या एकाच गोष्टीविषयीं लिहावें असें ठरविलें आहे.

ज्या वडील मंडळींस हा विषय परका आहे त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. संगणक हें यंत्र स्वतः अगदीं अडाणी आहे. त्यास शून्य आणि एक या दोन खुणांपलीकडे कांहीं कळत नाहीं. सुरुवातीच्या काळांत माणसांस त्या खुणांच्या लांबच लांब ओळी स्वतः जुळवाव्या लागत. पुढें अशी युक्ति निघाली कीं, माणसानें आपणांस सोयीच्या, परंतु नियमांनीं घट्ट बांधलेल्या एखाद्या भाषेंत आज्ञा लिहाव्या, आणि त्यांचें खुणांत रूपांतर यंत्राकडूनच करवून घ्यावें. आयबीएम या कंपनींत जॉन बॅकस यांच्या हाताखालील मंडळींनीं १९५७ सालीं शास्त्रज्ञांच्या गणितासाठीं ‘फोर्ट्रान’ ही अशी भाषा सिद्ध केली. त्यानंतर भाषांचें जणूं पेवच फुटलें. १९६६ सालीं पीटर लँडिन या इंग्रज पंडितानें एक निबंध लिहिला, त्याचें नांवच मुळीं ‘पुढील सातशें भाषा’ असें आहे! तीन वर्षांनीं जीन सॅमेट या विदुषीनें या भाषांचा मोठा इतिहास लिहिला, तेव्हां त्याच्या वेष्टनावर बायबलांतील बाबेलच्या मनोऱ्याचें चित्र घातलेलें होतें.

या सर्व वंशावळीचें दर्शन घ्यावयाचें तर माउंटन व्ह्यू या गांवीं जावें. स्टेशनासमोरच कॅस्ट्रो स्ट्रीट ही पेठ आहे. तिचा कांहीं भाग आतां गाड्यांस बंद असून लोक रस्त्यांतच टेबलें मांडून जेवतात. तेथून खाडीच्या दिशेनें गेलें म्हणजे शोरलाइन रस्त्यावर संगणक-इतिहासाचें संग्रहालय लागतें. ही इमारत १९९४ सालीं सिलिकॉन ग्राफिक्स या त्या काळच्या नामांकित कंपनीसाठीं बांधलेली होती. कंपनीला उतरती कळा लागली, आणि २००२ सालीं संग्रहालयानें ती विकत घेतली. जवळच याच कंपनीचें जें मुख्य ठाणें होतें तेथें आतां गूगलचें ठाणें आहे.

या संग्रहालयांत आयबीएमचीं १९५९ सालीं जाहीर झालेलीं १४०१ या जातीचीं दोन यंत्रें निवृत्त अभियंत्यांनीं दुरुस्त करून चालू स्थितींत ठेविलीं आहेत. मौज अशी कीं, संग्रहालयाच्या घराचा क्रमांकहि १४०१ च आहे. कपाटाएवढालीं तीं यंत्रें धडधड करीत पत्ते गिळतात आणि छापखान्याप्रमाणें कागद बाहेर टाकतात. पत्ते म्हणजे जाड कागदाचीं कार्डें. त्यांवर भोंकें पाडून अक्षरें व आंकडे लिहीत. सौभाग्यवतींनीं आपलें नांव अशा एका पत्त्यावर टोंचून घेतलें व तें आतां आमच्या देवघराच्या कपाटांत आहे. या पत्त्यावर अक्षरांचे ऐंशींच रकाने असत. जागा इतकी अपुरी, म्हणून सालाचे चार आंकडे न लिहितां शेवटचे दोनच लिहिण्याची चाल पडली. या काटकसरीचें फळ पुढें चाळीस वर्षांनीं कसें मिळालें, तें खालीं येईलच.

परंतु आमच्या मनांत घर करून राहिली ती याच संग्रहालयानें जतन केलेल्या एका थडग्याच्या दगडाची हकीकत. १९५९ च्या मे महिन्यांत अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पेंटॅगॉन इमारतींत यंत्रें करणारे, तीं वापरणारे व सरकारी अधिकारी यांची एक सभा भरली. प्रत्येक कारखान्याच्या यंत्राची बोली निराळी होती. एका यंत्रासाठीं लिहिलेला हिशोब दुसऱ्यावर चालत नसे. तेव्हां व्यापार व जमाखर्च यांसाठीं सर्व यंत्रांस चालेल अशी एकच भाषा करावी, व ती इंग्रजी वाक्यांसारखी असावी, म्हणजे वरिष्ठांसहि ती वाचतां येईल, असें ठरलें. ग्रेस हॉपर या गणितज्ञ नौदल अधिकारी बाईंनीं पूर्वीं केलेल्या भाषेचा तिला आधार होता. तिचें नांव ‘कॉबोल’. पण समितीचें काम रेंगाळूं लागलें आणि ही भाषा जन्मण्यापूर्वींच मरणार अशी कुजबूज सुरू झाली. हॉवर्ड ब्रॉमबर्ग नांवाच्या सभासदानें चिडून एका थडगीं करणाऱ्याकडून पांढऱ्या संगमरवराचा दगड घडविला; त्यावर बळीचें कोकरूं आणि खालीं ‘कॉबोल’ हीं अक्षरें. दुकानदारानें हें कसलें नांव म्हणून विचारलें, तेव्हां हें पोलंडमधील एक आडनांव आहे असें त्यानें ठोकून दिलें, असें सांगतात. तो दगड त्यानें पेंटॅगॉनमधील समितीच्या प्रमुखांकडे पाठवून दिला.

पुढें काय झालें? १९६० च्या डिसेंबरांत एकच कॉबोल आज्ञावली दोन निरनिराळ्या कारखान्यांच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यांत आली, आणि थोड्याच वर्षांत बँका, विमा कंपन्या व सरकारी खातीं यांचा सारा जमाखर्च या भाषेंत लिहिला गेला. पंडितांनीं तिचा तिरस्कार केला. एड्स्गर डाइक्स्ट्रा या विख्यात डच शास्त्रज्ञानें तर १९७५ सालीं, ही भाषा शिकविणें हा गुन्हाच मानावा, असें लिहून ठेविलें. तरीहि तिचें काम थांबलें नाहीं. २०२० च्या एप्रिलांत साथीमुळें लाखों माणसें बेकार झालीं, त्या वेळीं न्यू जर्सी संस्थानच्या गव्हर्नरांस, कॉबोल जाणणाऱ्या माणसांनीं स्वेच्छेनें मदतीस यावें, अशी जाहीर विनंती करावी लागली. जिचें थडगें जन्मापूर्वींच घडविलें ती भाषा साठ वर्षें संसार करीत राहिली, आणि ज्या कित्येक भाषांच्या बारशास ताशे-नगारे वाजले त्यांचीं नांवेंहि कोणास आठवत नाहींत.

आमच्या भाच्याचें नशीब याच भाषेशीं बांधलेलें आहे. १९९७ सालीं त्यानें पुण्यांतील एका वर्गांत सहा महिन्यांत कॉबोल शिकून घेतलें. त्या वेळीं या भाषेस एकाएकीं सोन्याचें मोल आलें होतें. कारण दोन आंकडी सालें लिहिलेल्या आज्ञावल्यांस २००० सालचीं दोन शून्यें म्हणजे १९०० सालच वाटणार, आणि व्याज, मुदती, निवृत्तिवेतनें यांचा घोळ उडणार अशी धास्ती होती. तारखा दुरुस्त करण्यासाठीं आपल्याकडून हजारों मुलें गेलीं, त्यांत हाहि १९९८ सालीं गेला. जानेवारीची पहिली तारीख फारसें विघ्न न होतां उजाडली, आणि त्याबरोबर तें कामहि संपलें. काल ज्यांचे सत्कार होत होते त्यांस आज, तुमची भाषा म्हातारी झाली, असें ऐकावें लागलें. भाच्यानें जावा शिकून घेतली. पुढें आणखी चार भाषा शिकला.

तीन वर्षांपूर्वीं तो ज्या कंपनींत होता तिनें एका सकाळीं पुष्कळ माणसें कमी केलीं, त्यांत त्याचेंहि नांव होतें. वय पन्नास, घराचें कर्ज डोक्यावर, मुलगी महाविद्यालयांत. नव्या नोकरीसाठीं जाई तेथें निम्म्या वयाचीं मुलें त्यास अशा भाषेविषयीं विचारीत कीं जी त्यानें हातीं धरली नव्हती. सात महिने तो घरीं बसला. भाचेसून सांगत होती कीं, त्या दिवसांत दाराशीं पोस्टमन आला तरी तिच्या पोटांत धस्स होई. शेवटीं एका बँकेंत, जेथें जुनी कॉबोल आज्ञावली अद्याप चालू आहे, तेथें त्यास काम मिळालें. पगार पूर्वीहून कमी आहे; पण कामास मान आहे.

एके रात्रीं वहिनींचा प्रश्न मीं त्याच्यापुढें ठेविला. तो हंसला आणि म्हणाला, “मामा, नवी भाषा शिकायला मला कधीं तीन महिन्यांहून जास्त लागले नाहींत. पण एका खात्यांतून पैसे वजा झाले, दुसऱ्यांत जमा होण्यापूर्वीं वीज गेली, तर हिशोब अर्धवट राहूं नये. एक तर सबंध व्यवहार पुरा व्हावा, नाहीं तर मुळींच झाला नाहीं असें व्हावें. हें कसें साधायचें तें समजायला मला चार वर्षें लागलीं. तें मी कॉबोलमध्यें शिकलों, आणि नंतर प्रत्येक भाषेंत तेंच कामास आलें. भाषांनीं मला नोकरी दिली. पण टिकवलें तें या समजुतीनें.”

मग या भाषांच्या लाटा येतात तरी कशा? गुण हें एक कारण खरें, पण तें एकच नव्हे. याच खोऱ्यांत १९९५ सालीं एक गंमत घडली. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनींत जेम्स गॉस्लिंग यांनीं घरगुती उपकरणांसाठीं एक भाषा केली होती. त्यांच्या खिडकीबाहेरील ओक वृक्षावरून तिचें नांव ‘ओक’ ठेविलें होतें. परंतु तें नांव आधींच दुसऱ्या कोणाच्या मालकीचें निघाल्यामुळें कॉफीवरून ‘जावा’ असें नवें नांव पडलें, आणि मे महिन्यांत तिची द्वाही फिरली. त्याच मे महिन्यांत माउंटन व्ह्यू येथील नेटस्केप कंपनींत ब्रेंडन आइक यांनीं दहा दिवसांत दुसरी एक छोटी भाषा लिहून दिली. तिचा जावाशीं रक्ताचा संबंध नव्हता. पण जावाची एवढी चलती होती कीं, डिसेंबरांत तिला ‘जावास्क्रिप्ट’ हें नांव देऊन बाजारांत आणलें. नांव असें उसनें; आणि तरीहि आज तीच जगांतील बहुतेक वेब-पानांच्या मुळाशीं आहे. कारण एवढेंच कीं, ब्राउझरच्या दारांत ती पहिल्यानें जाऊन बसली, आणि पुढें तिला उठवितां येईना. गूगलनें २०११ सालीं तिच्या जागीं ‘डार्ट’ बसविण्याचा घाट घातला, तोहि सिद्धीस गेला नाहीं. उलट, ‘अडा’ नांवाची काळजीपूर्वक रचलेली भाषा अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें सक्तीची केली, तरी ती लोकांच्या तोंडीं बसली नाहीं. १९९७ सालीं सक्ती उठली. विमानें व आगगाड्या यांसारख्या, चूक झाल्यास माणसें दगावतील अशा कामांत ती अद्याप मुकाट्यानें राबते. तात्पर्य, कोणाचें पाठबळ, कोणतें दार, कोणती वेळ, यांवर पुष्कळ अवलंबून असतें.

दुसरें कारण रुचीचें. शनिवारीं भाच्याकडे त्याचे स्नेही जेवावयास येत, आणि पानें वाढेपर्यंत यांचा वाद रंगे. ‘पायथॉन’ या डच गृहस्थाच्या भाषेंत ओळ किती आंत सरकवून लिहिली यावरून अर्थ ठरतो. दुसऱ्या भाषांत त्यासाठीं महिरपी कंस लागतात. कोणी म्हणे, मोकळ्या जागेस अर्थ देणें हा वेडेपणा. कोणी म्हणे, कंसांची जाळी हा गबाळेपणा. कांहीं भाषांत एखाद्या खणांत आंकडा ठेवणार कीं नांव हें आधीं लिहून द्यावें लागतें, त्यामुळें कित्येक चुका आज्ञावली चालण्यापूर्वींच सांपडतात. कांहींत ही अट नाहीं, त्यामुळें लिहिणें झपाट्यानें होतें. दोन्ही बाजूंस सत्य आहे. परंतु वादाचा आवेश आमटींत गूळ घालावा कीं नाहीं या आपल्या घरगुती वादाहून तिळभर कमी नव्हता! ज्या हातानें जी भाषा प्रथम शिकली, त्या हातास तीच गोड लागते, असें आम्हांस दिसून आलें.

नवें तें सर्व फुकट, असा मात्र याचा अर्थ कोणीं घेऊं नये. त्या काळीं माउंटन व्ह्यू येथेंच असलेल्या मोझिला संस्थेच्या आश्रयानें वाढलेली ‘रस्ट’ ही भाषा २०१५ सालीं स्थिर रूपांत प्रसिद्ध झाली. जुन्या ‘सी’ भाषेंत यंत्राच्या स्मरणांतील जागा चुकून दुसऱ्याच्या हातीं जाण्याच्या ज्या चुका होतात, व ज्यांतून चोरांस वाट मिळते, त्यांतील बहुतेक चुका ही भाषा होऊंच देत नाहीं. हा खरा लाभ आहे. लाट आणि लाभ यांत भेद करतां येणें हीच विद्या.

हल्लींची सर्वांत मोठी लाट अशी कीं, आतां यंत्र स्वतःच आज्ञावल्या लिहूं लागलें आहे. साध्या इंग्रजींत सांगितलें म्हणजे झालें, भाषा शिकण्याचें कारणच उरलें नाहीं. यंत्र लिहितें हें आम्हीं भाच्याच्या मुलीकडे प्रत्यक्ष पाहिलें. क्षणांत पानभर मजकूर पुढें आला. परंतु साध्या इंग्रजीचें आश्वासन १९५९ सालींहि दिलें गेलें होतें, हें त्या संगमरवरी दगडाची कथा ऐकलेल्या माणसानें विसरूं नये. मुलीनें तो मजकूर वाचून त्यांतील एक चूक दाखविली व म्हणाली, “आजोबा, हें लिहितें झकास, पण बरोबर आहे कीं नाहीं हें मलाच ठरवावें लागतें.” ठरविण्यास समजलें पाहिजे, आणि समजण्यास शिकलें पाहिजे.

आपल्याकडे याचा पडताळा मोडी लिपींत सांपडतो. छापखाना व शाळा यांनीं बाळबोध पुढें आणली, मोडी मागें पडली, आणि आपल्या वडिलांच्या पिढीनें ती निरुपयोगी म्हणून टाकली. पण पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील हजारों रुमाल, आणि घरोघरचीं जुनीं खरेदीखतें, मोडींतच राहिलीं. आज तीं वाचणारा भेटला कीं आपण त्यास सन्मानानें बोलावतों. लिहिलेल्या मजकुराचें आयुष्य लिपीच्या लौकिकाहून लांब असतें. कोणास तरी तो सांभाळावा लागतो, आणि सांभाळणाऱ्याचें काम हलकें नसतें.

मेन्लो पार्क येथें सन मायक्रोसिस्टिम्सचें विस्तीर्ण आवार होतें. जावाच्या वैभवाच्या दिवसांत जग तेथें वारीस येई. २०१० सालीं ती कंपनी ओरॅकलनें गिळली, आणि दुसऱ्या वर्षीं त्या आवारांत फेसबुकनें बिऱ्हाड केलें. नव्या धन्यानें रस्त्यावरचा जुना फलक काढून न टाकतां तोच वापरला. पुढच्या बाजूस आपलें चिन्ह लाविलें, आणि मागच्या बाजूस ‘सन’चें नांव तसेंच राहूं दिलें. आज मोठे असलेल्यांवर उद्यां काय वेळ येते, तें कामावर येणाऱ्यांच्या ध्यानांत असावें, हा हेतु. आणि सन बुडाली तरी जावा बुडाली नाहीं. ती बँकांत व कचेऱ्यांत चालूच आहे.

परत आल्यावर वहिनींस आम्हीं सांगितलें तें असें. मुलानें एक भाषा, महाविद्यालयांत शिकवितात ती, मन लावून शिकावी. तिच्यांत एक तरी पुरें काम उभारावें, तें मोडावें, आणि कां मोडलें तें शोधावें. गणित, हिशोबाची शिस्त, दुसऱ्याचें लिहिलेलें वाचण्याची संवय, आणि आपलें लिहिलेलें दुसऱ्यास समजेल असें लिहिण्याची काळजी, यांवर वेळ खर्चावा; हीं कधीं शिळीं होत नाहींत. दुसरी भाषा गरज लागेल तेव्हां तीन महिन्यांत येईल. शिकवणीवर्गाची नवी जाहिरात आली कीं फी भरण्यापूर्वीं एवढेंच विचारावें: हिच्यांत असें काय आहे कीं जें पहिलीनें साधत नव्हतें? उत्तर पटलें तर खुशाल शिकावें. नाहीं तर ते पैसे पुस्तकांस लावावे. आणि घरांतील वडील मंडळींनीं एक पथ्य पाळावें. एखाद्या लाटेंत पुढें गेलेल्या मुलाचा फार गाजावाजा करूं नये, आणि लाट ओसरल्यावर सात महिने घरीं बसलेल्या मुलास टोंचून बोलूं नये. बाजाराचा भाव ज्याचा त्याला बाहेर ऐकावा लागतोच. घरांत त्याची किंमत त्या भावानें ठरूं नये.